क्लच नसलेली गाडी: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

ऑटोमॅटिक गाडीविषयी आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे वर्षानुवर्षे क्लचची गाडी चालवलेल्या वाचकांची आहेत. त्यामुळे त्यांचे प्रश्न गाडी शिकण्याचे कमी आणि जुनी सवय मोडण्याचे अधिक आहेत. त्यांतले काही निवडून येथे घेतले आहेत. गाडीच्या प्रकारानुसार जेथे उत्तर बदलते, तेथे तसे सांगितले आहे. तरीही माझे म्हणणे आणि आपल्या गाडीच्या माहितीपुस्तिकेतील सूचना यांत फरक आढळला, तर पुस्तिकेचे ऐकावे.

मी चौतीस वर्षे क्लचची गाडी चालवली. मुलाने आता ऑटोमॅटिक घेतली आहे. पहिल्याच दिवशी वेग कमी करताना डावा पाय सवयीने क्लच दाबायला गेला, तो ब्रेकवर पडला आणि गाडी जागच्या जागी थांबली. मागचा दुचाकीस्वार थोडक्यात बचावला. माझे वय सदुसष्ट आहे. ही गाडी मी चालवावी की नाही?
— निवृत्त शिक्षक, सातारा

अवश्य चालवावी, मात्र रहदारीच्या रस्त्यावर नेण्याआधी काही दिवस मोकळ्या मैदानात सराव करावा. आपल्या बाबतीत जे घडले त्याचे कारण सोपे आहे. ऑटोमॅटिक गाडीत ब्रेकचे पेडल रुंद असते आणि त्याची डावी कड पूर्वीच्या क्लचच्या जागेच्या बरीच जवळ येते. डाव्या पायाला पेडल एका दमात तळापर्यंत दाबण्याची सवय असते, तर ब्रेक किती दाबायचा याचा अंदाज केवळ उजव्या पायाला असतो. म्हणून डाव्या पायाला या गाडीत कोणतेही काम द्यायचे नाही. पेडलांच्या डावीकडे पाय टेकवण्यासाठी जी पट्टी असते तिच्यावर तो ठेवावा, आणि सुरुवातीचे काही दिवस निघण्यापूर्वी तो तेथे आहे ना, हे मुद्दाम पाहावे.

गाडी सुरू करताना गियरचा लिव्हर ‘पी’ (पार्क, म्हणजे उभी) वर असावा, उजव्या पायाने ब्रेक दाबलेला असावा आणि मगच किल्ली फिरवावी किंवा बटण दाबावे. बटणाच्या गाडीत ब्रेक दाबलेला नसेल, तर केवळ दिवे लागतात, इंजिन सुरू होत नाही. गाडी बिघडली असे समजून सर्व्हिस सेंटरला फोन करणारे लोक असतात, म्हणून हे सांगितले. इंजिन सुरू झाल्यावर ब्रेक तसाच ठेवून लिव्हर ‘डी’ (ड्राइव्ह, म्हणजे पुढे) वर आणावा, गियर पडल्याचा हलका धक्का जाणवला आणि समोरच्या पडद्यावर ‘डी’ दिसले की हँडब्रेक सोडावा, आणि मग ब्रेकवरचा पाय हळूहळू उचलावा.

येथे क्लचच्या गाडीहून सर्वांत मोठा फरक आहे. ब्रेक सुटताच, एक्सलरेटरला स्पर्शही न करता, सपाट रस्त्यावर गाडी आपोआप पुढे सरकू लागते. क्लचच्या गाडीत गाडी चालती करण्यासाठी काहीतरी करावे लागते. ऑटोमॅटिकमध्ये ती थांबवून धरण्यासाठी काहीतरी करावे लागते. गाडी चालू असून लिव्हर ‘डी’ किंवा ‘आर’ (रिव्हर्स, म्हणजे मागे) वर आहे तोपर्यंत उजवा पाय ब्रेकवरून काढून मागच्या सीटवरची पिशवी घेणे, काच पुसणे, फाटक उघडायला उतरणे, यांपैकी काहीही करायचे नाही.

आपण वयाचा उल्लेख केला आहे म्हणून एक गोष्ट स्पष्टपणे लिहितो. ऑटोमॅटिक गाडीतला खरा धोका डाव्या पायाचा नसून उजव्या पायाच्या चुकीचा, म्हणजे ब्रेक समजून एक्सलरेटर दाबण्याचा आहे. एप्रिल २०१९ मध्ये टोकियोच्या इकेबुकुरो भागात ८७ वर्षांच्या एका चालकाची गाडी भरधाव वेगाने लोकांवर गेली आणि एक आई व तिची लहान मुलगी मरण पावली. ब्रेक लागले नाहीत, असे चालकाचे म्हणणे होते. न्यायालयाने मात्र त्याने ब्रेकऐवजी एक्सलरेटर दाबल्याचे मान्य करून २०२१ साली त्याला पाच वर्षांची शिक्षा दिली. क्लचच्या गाडीतही अशी चूक होऊ शकते, पण तेथे घाबरून क्लच दाबला जातो आणि इंजिनाचा जोर चाकांपर्यंत पोहोचत नाही. ऑटोमॅटिकमध्ये ती आपोआप मिळणारी सुटका नाही. चूक झालेला माणूस आपण ब्रेकच दाबतो आहोत या खात्रीने पाय अधिक जोरात रोवतो.

यावर उपाय सवयीचाच आहे. उजव्या पायाची टाच ब्रेकच्या समोर जमिनीवर टेकलेली ठेवावी आणि एक्सलरेटरसाठी केवळ चवडा उजवीकडे वळवावा; टाच उचलून संपूर्ण पाय या पेडलवरून त्या पेडलवर नेऊ नये. गाडी मागे घेताना आपण कमरेतून वळून पाहतो आणि त्या वळण्यात पायही नकळत सरकतो. म्हणून पार्किंगमध्ये गाडी आत घालताना एक्सलरेटर वापरायचाच नाही, असा नियम करावा. सपाट जागेत गाडीचे आपोआप सरकणे तेवढ्या कामाला पुरते. पायाने केवळ ब्रेक कमी-जास्त करायचा. सैल चप्पल किंवा जाड तळाचे बूट घालून सराव करू नये. अंगण किंवा सोसायटीची भिंत समोर असताना गाडी ‘डी’ वर आहे की ‘आर’ वर, हे पडद्यावर पाहिल्याशिवाय ब्रेक सोडू नये.

अचानक थांबावे लागले तर क्लचची आठवण काढू नये. ब्रेक एकदाच, पूर्ण ताकदीने दाबावा आणि गाडी थांबेपर्यंत तसाच धरावा. एप्रिल २०१९ पासून आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींना एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक लावल्यावर चाके जाम होऊ न देणारे तंत्र, सक्तीचे आहे. ते काम करू लागले की पेडल पायाखाली थरथरते आणि खरखर ऐकू येते. काही मोडले असे वाटून अनेक जण नेमका त्याच क्षणी पाय उचलतात. पाय उचलायचा नाही, आणि स्टिअरिंगने अडथळा चुकवता येत असेल तर तो चुकवायचा. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर जाते. तेव्हा पाय ब्रेकवर पोहोचायला लागणारा वेळही लहान नसतो, हे पुढच्या गाडीपासून अंतर ठेवताना लक्षात असावे.

आमच्या गाडीला क्लच नाही, पण ‘पी’ सुद्धा नाही. केवळ आर, एन (न्यूट्रल), डी आणि एम (हाताने गियर बदलण्याची जागा) आहे. विक्रेत्याने ही ऑटोमॅटिकच आहे असे सांगितले. सोसायटीच्या तळघरातून वर येणाऱ्या चढणीवर गाडी मागे घसरते, म्हणून मी एक्सलरेटर थोडा दाबून ती धरून ठेवते. काही दिवसांपासून जळाल्यासारखा वास येतो. असे का होते?
— एक वाचक, नाशिक

विक्रेत्याने खोटे सांगितले नाही, मात्र अर्धेच सांगितले. आपली गाडी एएमटी प्रकारची आहे. आपल्या देशात हा प्रकार २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओबरोबर आला आणि किंमत कमी असल्यामुळे छोट्या गाड्यांमध्ये झपाट्याने पसरला. तिच्यात क्लच आणि गियरबॉक्स नेहमीच्या गाडीसारखेच असतात. केवळ क्लच दाबण्याचे आणि गियर बदलण्याचे काम आपल्या हातापायांऐवजी यंत्रणा करते. म्हणजे आपल्या गाडीला क्लच नाही असे नसून क्लचचे पेडल नाही.

हे समजले की वासाचे कारणही समजते. चढावर एक्सलरेटरने गाडी धरून ठेवणे म्हणजे हाफ क्लचवर उभे राहणे. क्लचची तबकडी सतत घासते, तापते आणि जळते. क्लचच्या गाडीत पायाला ते जाणवते, येथे वास येईपर्यंत काहीच कळत नाही. हा वास गेले काही दिवस येत असेल, तर क्लच एकदा तपासून घ्यावा.

चढणीवर थांबावे लागले तर गाडी ब्रेकनेच धरावी. निघताना हँडब्रेक ओढावा, ब्रेकवरून पाय काढून एक्सलरेटर हलका दाबावा, गाडी पुढे ओढ घेत असल्याचे जाणवले की हँडब्रेक सोडावा. चढावर गाडी धरून ठेवणारी हिल होल्ड सुविधा आपल्या गाडीत असेल तर ब्रेक सोडल्यावर दोन-तीन सेकंदच गाडी धरली जाते. तेवढ्यात एक्सलरेटर दाबून निघावे लागते. ती सोय म्हणजे चढावर आरामात उभे राहण्याची परवानगी नव्हे. शक्य असल्यास वर कोणी येत नाही हे पाहून तळघराच्या सपाट भागातूनच सुरुवात करावी आणि मध्ये न थांबता वर यावे. माझ्या मते हा उपाय सर्वांत चांगला आहे.

आता ‘पी’ विषयी. टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाचा जोर तेलामार्फत पुढे नेणाऱ्या), सीव्हीटी (गियरच्या ठरावीक पायऱ्या नसलेल्या) आणि बहुतेक दुहेरी क्लचच्या (आलटून-पालटून काम करणारे दोन क्लच असलेल्या) गाड्यांमध्ये ‘पी’ वर टाकल्यावर गियरबॉक्समधला एक खटका दातेरी चाकात अडकून चाके अडवतो. एएमटीत हा खटका नसतो. त्यामुळे गाडी उभी करताना जुनीच पद्धत वापरावी: ब्रेक दाबून हँडब्रेक ओढावा, गाडीचे तोंड चढाकडे असेल तर लिव्हर ‘डी’ वर आणि उताराकडे असेल तर ‘आर’ वर ठेवावा, पडद्यावर गियर दिसल्याची खात्री करावी आणि मगच ब्रेक न सोडता इंजिन बंद करावे. इंजिन ‘एन’ वर असताना बंद केले तर गाडी न्यूट्रलमध्येच राहते; नंतर लिव्हर हलवून काही होत नाही, कारण गियर टाकणारी यंत्रणा तोवर झोपलेली असते. पुन्हा सुरू करताना बहुतेक एएमटी गाड्यांत लिव्हर ‘एन’ वर आणून ब्रेक दाबावा लागतो.

चालवताना आणखी एक फरक जाणवेल. एएमटी गियर बदलताना क्षणभर ओढ सोडते आणि मान पुढे झुकते. त्या वेळी एक्सलरेटर थोडा सैल केला तर धक्का कमी होतो. ओव्हरटेक करताना ही क्षणभराची ओढ सोडणे महागात पडू शकते. म्हणून आधीच ‘एम’ वर येऊन एक गियर खाली घ्यावा आणि मगच गाडी ओव्हरटेकसाठी बाहेर काढावी. पुढून ट्रक येत असताना पूर्ण एक्सलरेटर दाबून गियर पडण्याची वाट पाहणे ही एएमटीवाल्याने घेऊ नये अशी जोखीम आहे.

सिग्नलला ‘डी’ वर ब्रेक धरून थांबावे, ‘एन’ करावे की ‘पी’? मित्रांमध्ये यावरून रोज वाद होतो.
— आयटी अभियंता, हिंजवडी

अर्ध्या-पाऊण मिनिटाचा थांबा असेल तर ‘डी’ वर ब्रेक पक्का धरून थांबावे. टॉर्क कन्व्हर्टरमधील तेल तेवढी घसरण सहन करण्यासाठीच बनवलेले असते, आणि एएमटी किंवा दुहेरी क्लचच्या गाडीत ब्रेक पूर्ण दाबलेला असताना यंत्रणा क्लच उघडून ठेवते. प्रत्येक थांब्याला ‘एन’, ‘डी’ करत राहिल्याने काही वाचत नाही. रेल्वे फाटक किंवा लांबलचक कोंडी असेल तर ‘एन’ करून हँडब्रेक ओढावा आणि पायाला विश्रांती द्यावी. हँडब्रेक न ओढता नुसते ‘एन’ करून पाय काढू नये.

‘पी’ सिग्नलसाठी नाहीच. ‘डी’ वरून ‘पी’ कडे जाताना लिव्हर ‘आर’ वरून जातो, मागचे पांढरे दिवे चमकतात आणि मागचा दुचाकीस्वार गाडी मागे येणार असे समजून गडबडतो. शिवाय मागून कोणी धडकले तर तो सगळा धक्का त्या लहानशा खटक्यावर येतो.

हिंजवडीच्या संध्याकाळी एक गोष्ट याहून महत्त्वाची आहे. आपली गाडी दुहेरी क्लचची असेल तर पुढची गाडी हातभर सरकली की आपणही हातभर सरकायचे, असे करू नये. अशा सरकण्यात क्लच पूर्ण जुळत नाही, नुसता घासत राहतो, आणि कोरड्या (तेलात न बुडलेल्या) क्लचच्या गाड्या तापून पडद्यावर इशारा देतात. पुढे दोन गाड्यांइतकी जागा होऊ द्यावी, मग ब्रेक पूर्ण सोडून जावे आणि पुन्हा पूर्ण थांबावे. मधल्या जागेत रिक्षा घुसते, हे मान्य आहे. क्लच बदलण्याच्या खर्चापेक्षा ते परवडते.

कराडहून चिपळूणला जाताना कुंभार्ली घाट उतरताना मी ‘एन’ करतो, त्यामुळे पेट्रोल वाचते. मागच्या वेळी पोफळीच्या आसपास ब्रेक ‘मऊ’ झाल्यासारखे वाटले. मेकॅनिकने पॅड चांगले असल्याचे सांगितले. मग काय झाले असावे?
— व्यापारी, कराड

पहिली गोष्ट, पेट्रोल वाचत नाही. कार्बोरेटरच्या काळात या समजुतीत थोडे तथ्य होते. आजच्या इंजेक्शनच्या इंजिनात, गाडी गियरमध्ये असताना उतारावर एक्सलरेटर सोडला की यंत्रणा इंधनाचा पुरवठा बंद करते, कारण चाकेच इंजिन फिरवत असतात. ‘एन’ केले की इंजिन स्वतःला चालू ठेवण्यासाठी पेट्रोल पिऊ लागते. म्हणजे आपण पैसे देऊन धोका विकत घेत होता.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. ‘एन’ केल्यावर इंजिनाचा अडसर नाहीसा होतो आणि गाडीचे सगळे वजन रोखण्याचे काम एकट्या ब्रेकवर पडते. कुंभार्लीसारख्या लांब, वळणांच्या घाटात पॅड आणि तबकड्या सतत तापत जातात. ती उष्णता ब्रेकच्या तेलापर्यंत पोहोचते. हे तेल हवेतले पाणी शोषून घेते. डॉट ४ प्रतीच्या नव्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, पण पाणी शोषलेल्या तेलासाठी तीच मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येते. तेल उकळले की त्यात वाफेचे बुडबुडे तयार होतात; तेल दाबले जात नाही, पण वाफ दाबली जाते, म्हणून पेडल खाली जाते आणि ब्रेक लागत नाही. पॅड चांगले असूनही पेडल मऊ होण्याचे हे नेहमीचे कारण आहे. कोकणाकडच्या दमट हवेत वावरणाऱ्या गाडीचे ब्रेकचे तेल दोन वर्षांनी बदलून घ्यावे. आपले शेवटचे कधी बदलले, हे सर्व्हिसच्या नोंदवहीत पाहावे.

घाट उतरण्याची पद्धत अशी. उतार सुरू होण्याआधी, वेग कमी असतानाच खालचा गियर घ्यावा. आपल्या गाडीत त्यासाठी ‘एम’, ‘एल’, ‘२’, ‘एस’ किंवा स्टिअरिंगमागच्या पट्ट्या, यांपैकी काहीतरी असेल. ज्या गियरने घाट चढतो त्याच गियरने उतरावे, हा जुन्या चालकांचा नियम ऑटोमॅटिकलाही लागू पडतो. चढताना पडद्यावर कोणता गियर दिसतो हे एकदा पाहून ठेवावे. वेग वाढल्यावर गियर खाली घेण्याचा प्रयत्न केला तर इंजिन फार फिरेल म्हणून यंत्रणा तो नाकारते, आणि नेमका तेव्हाच चालक घाबरतो. इंजिनाचा आवाज वाढला तरी काळजी करू नये. पेट्रोल न जाळता ते गाडीला मागे ओढत असते.

ब्रेक हलका दाबून धरून ठेवू नये. वळणाआधी एकदा चांगला दाबून वेग उतरवावा, आणि मग पूर्ण सोडून ब्रेकला थंड व्हायला अवधी द्यावा. वास आला किंवा पेडल खाली गेल्यासारखे वाटले तर सुरक्षित जागा पाहून थांबावे आणि किमान अर्धा तास थांबावे. तापलेल्या चाकांवर पाणी ओतू नये, तबकड्या वाकड्या होतात. ब्रेक पूर्णच गेले तर पेडल भराभर दाबत राहावे, गियर एकेक खाली घ्यावा आणि हँडब्रेक थोडाथोडा ओढावा. बटणाचा हँडब्रेक असेल तर बटण ओढून धरून ठेवावे. इंजिन बंद करण्याचा मोह आवरावा. इंजिन बंद झाले की ब्रेकला मिळणारी मदत एक-दोन दाबांत संपते आणि स्टिअरिंग जड होते.

पणजीत आल्तिनोच्या टेकडीवर, उतारावर गाडी उभी करतो. सकाळी ‘पी’ मधून लिव्हर काढताना ‘खट्’ असा मोठा आवाज येतो आणि गाडीला धक्का बसतो. ‘पी’ असताना हँडब्रेकची गरज आहे का?
— एक वाचक, पणजी

आहे, आणि आवाजाचे कारणही तेच आहे. आपण ब्रेक दाबून ‘पी’ करता, मग ब्रेक सोडता. गाडी थोडी घसरते आणि तिचे सगळे वजन वर सांगितलेल्या खटक्यावर टेकते. सकाळी तो खटका वजनाखालून ओढून काढावा लागतो, तो हा आवाज. यापुढे क्रम बदलावा: ब्रेक दाबून थांबावे, ‘एन’ करावे, हँडब्रेक घट्ट ओढावा, ब्रेक हळूच सोडून गाडी हँडब्रेकवर विसावू द्यावी, मग पुन्हा ब्रेक दाबून ‘पी’ करावे आणि इंजिन बंद करावे. पुढची चाके उतारावर फूटपाथच्या कडेकडे वळवून ठेवावीत. निघताना आधी ब्रेक दाबून ‘पी’ मधून बाहेर यावे, हँडब्रेक नंतर सोडावा.

केवळ लिव्हरच्या भरवशावर उतरणे जिवावर बेतू शकते. हॉलिवूडचा तरुण अभिनेता अँटन येल्चिन जून २०१६ मध्ये लॉस एंजेलिस येथील स्वतःच्या घराच्या उतारावर आपलीच जीप ग्रँड चेरोकी घसरत आल्याने ती आणि फाटकाजवळचा खांब यांच्यामध्ये चिरडून मरण पावला. त्या गाडीचा लिव्हर प्रत्येक वेळी मधल्या जागेवर परत येत असे, त्यामुळे ती खरोखर ‘पी’ वर आहे की नाही हे हाताला कळत नसे, आणि याच कारणासाठी कंपनीने त्या गाड्या परत मागवायला सुरुवात केलेली होती. आता आपल्याकडेही गोल खुंटीच्या आणि बटणांच्या गियरच्या गाड्या आल्या आहेत. त्यांत हाताच्या अंदाजाला अर्थ नाही. पडद्यावर ‘पी’ दिसले पाहिजे आणि हँडब्रेक ओढलेला पाहिजे, तरच दार उघडावे.

दुकानदाराने जाड सेव्हन-डी मॅट बसवून दिल्या आहेत. एकदा एक्सलरेटर क्षणभर अडकल्यासारखा वाटला. असे पुन्हा झाले तर काय करावे?
— गृहिणी, डोंबिवली

चालकाच्या बाजूची मॅट आजच काढावी आणि गाडीबरोबर आलेली, हुकात अडकणारी मॅट लावावी. जुन्या मॅटवर नवी तर कधीही टाकू नये. ऑगस्ट २००९ मध्ये अमेरिकेत सॅन दिएगोजवळ एका लेक्सस गाडीत दुसऱ्या मॉडेलची जाड मॅट टाकलेली होती. एक्सलरेटर तिच्यात अडकला, आणि पोलीस अधिकारी असलेल्या अनुभवी चालकासह चौघे जण मरण पावले. त्यानंतर टोयोटाला लाखो गाड्या मॅटच्या कारणासाठी परत मागवाव्या लागल्या.

एक्सलरेटर अडकला तर ब्रेक एकदाच पूर्ण जोराने दाबून धरावा आणि लिव्हर ‘एन’ वर ढकलावा. गाडी चालू असताना ‘डी’ वरून ‘एन’ वर जाण्यासाठी सहसा लिव्हरचे बटण दाबावे लागत नाही, नुसते पुढे ढकलले की पुरते. इंजिन कर्कश ओरडेल, ओरडू द्यावे. गाडी कडेला पूर्ण थांबल्यावर ‘पी’ करून इंजिन बंद करावे. चालत्या गाडीत ‘पी’ किंवा ‘आर’ कधीही करू नये. घरात आणखी कोणी ही गाडी चालवत असेल तर लिव्हर ‘एन’ वर कसा जातो, हे इंजिन चालू ठेवून आणि ब्रेक दाबून त्यांच्याकडूनही दोन-चार वेळा करून घ्यावे.